चेंबरात अडकलेली पुंगळी

त्या रायफलीचा बोल्ट उघडत नव्हता. नोकरीतली बाकीची प्रकरणे एकमेकांत मिसळून गेली, पण ती रायफल टेबलावर ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

साठचे दशक होते. दुबईच्या एका पोलीस ठाण्यात मी दुभाषी म्हणून नुकतीच लागले होते. मी स्वतः पोलीस अधिकारी झाले ती पुष्कळ पुढे. इंग्रजी शाळेत शिकल्याने ब्रिटिश साहेबांचे बोलणे कळायचे आणि घरी रत्नागिरीची बोली होती. चारचौघांत बोलायची मला सवय नव्हती. मी माणसांचे हात आणि डोळे बघत बसायचे.

इस्पितळातून वर्दी आली. मांडीत गोळी लागलेला ड्रायव्हर बेशुद्ध होता, जगेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. शहराबाहेर, कुसैसपलीकडच्या वाळवंटात एक हिंदी व्यापारी शिकारीला गेला होता, त्याच्याच जीपचा हा ड्रायव्हर. व्यापाऱ्याचा जबाब सरळ होता: पहाटे आपण हरणावर एक बार काढला, तो हुकला. मग रायफल खानसाम्याला साफ करायला दिली. दुपारी ती त्याच्या हातात उडाली.

खानसामा रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. सगळे त्याला मामू म्हणत.

"हो साहेब, माझ्याच हातून झालं," तो माझ्याकडे सरळ बघत म्हणाला. पुन्हा विचारले, तेच उत्तर. ड्रायव्हर गेला असता तर मामू तुरुंगातून सुटला नसता. साहेबांनी त्याला कोठडीत ठेवायला सांगितले.

मुद्देमालातली रायफल तपासताना अडचण आली. बोल्ट कसाबसा मागे आला, पण झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी आत चेंबरातच राहिली. पुंगळी ओढणारा आकडा तिच्या कडेवरून घसरत होता. शेवटी शस्त्रागाराच्या हवालदाराने नळीच्या तोंडातून गज घालून ती हळूहळू ठोकत बाहेर काढली. तिच्यावर पांढरा, वाळू चिकटलेला थर होता.

"गन ऑइल?" साहेबांनी विचारले.

मला वास आला. "नाही सर. हे आम्ही केसांना लावतो."

खोबरेल होते. थंडीत थिजलेले.

मामूला बोलावले. पुंगळी दिसताच त्याची मान खाली गेली. माणसावर गोळी झाडल्याचे शांतपणे सांगणारा हा माणूस आता खांद्यावरच्या पंच्याचे टोक पिळत होता.

"मामू, हे तुम्ही लावलंत?"

"बाय, तूही रत्नागिरीकडची. हे तुझ्या घरी सांगू नकोस."

"पण का लावलंत?"

"खारी हवा. गावाला कोयतीला हेच, कुलपाला हेच. निघायच्या आधी आत भरपूर चोपडलं. गंज धरू नये म्हणून." तो जमिनीकडेच बघत होता. "पहाटे मालकांनी बार काढला नि बोल्ट अडकला. मला म्हणाले, ओढ. मी दगडानं ठोकला, तरी उघडला नाही."

"मग दुपारी बार कसा उडाला?"

"दुपारी नाही उडाला. तो एकच बार. मालक म्हणाले, तुझ्या तेलानं माझा नेम फिरला, माणूस तुझ्यामुळे पडला. मग त्यांनी मारलं काय नि मी मारलं काय?"

मी ते साहेबांना सांगितले.

साहेब म्हणाले, "त्याला सांग, पुंगळी अडकते ती गोळी निघून गेल्यावर. जीपच्या दिशेने नेम धरायला तेल लागत नाही."

व्यापाऱ्यासमोर साहेबांनी पुंगळी ठेवली. पहाटेची पुंगळी वाळूत पडली, असे तो म्हणाला. ती निघताना तेलाचा थर पुसून का गेला नाही, असे साहेबांनी विचारले. "खलास," तो पुटपुटला. "हरणामागे जीप आहे हे मी बघितलं नाही." मामू दारातच उभा होता, पण त्याच्याकडे वळून बघणे व्यापाऱ्याला जमले नाही.

ड्रायव्हर वाचला. त्यानेही पहाटेचाच बार सांगितला. मी जबाब घ्यायला गेले तेव्हा सुटलेला मामू वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभा होता.

"कोण, मामू?" आतून ड्रायव्हर ओरडला. "ये की आत! तेलाची बाटली तेवढी बाहेर ठेव!"

शेजारचे रुग्ण हसले. मामू आत गेला, पायथ्याशी बसला आणि पंच्यात तोंड लपवून रडला.

"अरे, गोळी मला लागली, रडतोस तू?" ड्रायव्हर म्हणाला.

कबुली मिळाली की पोलिसाला थांबावेसे वाटते. मामूमुळे मी थांबायचे टाळायला शिकले. माणूस जे सरळ बघून कबूल करतो त्याहून, जे सांगताना त्याची नजर खाली जाते, तिथे मी जास्त वेळ थांबले. शरमलेल्या माणसाकडून दुसऱ्याचा गुन्हाही वदवून घेता येतो, हे त्या व्यापाऱ्याला आमच्याआधी कळले होते.

मामूच्या घरचे पुढे आमच्या नात्यात आले. लग्नाकार्यात भेटायचे, त्याच्या गमती सांगायचे. मी ऐकून घ्यायचे. तेलाचे मी घरी कधीच सांगितले नाही, आणि इथेही त्याचे खरे नाव लिहिलेले नाही.