पेटीवरचं नाव

संयोगिता माझी विद्यार्थिनी. उंब्रजच्या हायस्कुलात तिला इंग्रजी मी शिकवलं आणि त्याचं श्रेय मी अजून कुणाला घेऊ देत नाही. आता ती आमच्या समोरच्याच घरची सून आहे. तैवानमधल्या चिनी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना ती लॅपटॉपवरून इंग्रजी शिकवते. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन.

तिचा नवरा धैर्यशील फौजेत होता. तीन वर्षांपूर्वी ड्यूटीवर असताना गाडी दरीत कोसळली आणि तो गेला. मागून त्याची काळी लोखंडी पेटी घरी आली. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. संयोगितानं ती उघडलीच नाही. वर चादर टाकली, चादरीवर लॅपटॉप ठेवला आणि शिकवायला बसली. “बाई, मला कायच वाटत न्हाई,” असं एकदा मला म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात. मला तिचा राग यायचा, आणि राग येतो याची लाजही वाटायची.

सासरे लालासाहेबही फौजेतलेच, रिटायर्ड हवालदार. गेल्या मंगळवारी दुपारी त्यांनी भंगारवाल्या नियाजला बोलावलं. मोडका कूलर, गंजलेले पत्रे आणि ती पेटी अंगणात काढून ठेवली.

“रोज डोळ्यांम्होरं येती. कुणाला पायजे हाय ती?”

“द्या,” संयोगिता म्हणाली. चादरीची घडी करून तिनं कपाटात ठेवली.

नियाजनं कूलर टेम्पोत टाकला, पत्रे टाकले. पेटीपाशी मात्र थांबला.

“आबा, नाव हाय तवर फौजीची पेटी आमी उचलत न्हाई. अब्बांपासनं तसंच हाय. घरच्यानं नाव खरवडायचं, मग मी नेतो.”

लालासाहेबांनी घरातून जुनी सुरी आणली, पण हात पुढं होईना. संयोगितानं सुरी घेतली आणि खाली बसून खरवडायला लागली. आधी नंबर गेला, मग हुद्दा. करपलेलं पातेलं घासावं तसं तिचं चाललं होतं. निम्मं नाव गेलं आणि साडेतीन वाजले.

“थांबा, तास घेऊन येते,” असं नियाजला सांगून ती लॅपटॉपसकट पायरीवर बसली. आभाळ कोसळलं तरी तास चुकवायचा नाही, हेही माझंच शिकवणं. मी आमच्या ओसरीवरून ऐकत होते.

त्या दिवशीचा शब्द होता ‘जंक’. लिनबाई म्हणून एक निवृत्त नर्स विचारत होत्या, म्हणजे कचराच ना?

“नाही,” संयोगिता इंग्रजीत सांगू लागली. “कचरा आपण रोज टाकतो. जंक घरातच पडून राहतं. कुणाला नको असलेलं, उगाच जागा अडवणारं.”

“तुमच्या घरातलं एखादं दाखवा.”

संयोगितानं लॅपटॉप पेटीकडं वळवला. “हे.”

“त्यावर काय लिहिलंय? अर्धंच दिसतंय.”

तिनं पेटीवर आता नसलेला नंबर एकेक आकडा करून म्हटला, मग हुद्दा, मग धैर्यशीलचं पूर्ण नाव. तीन वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं.

“तुमचे कोण?”

“नवरा. आता नाही तो.” मग त्याच सपाट आवाजात, “मी चुकीचं उदाहरण दिलं. वहीत लिहिलं असेल तर खोडा.”

लिनबाईंनी खोडलं आणि वही कॅमेऱ्यापुढं धरून दाखवली. संयोगितानं जळक्या मिक्सरचं उदाहरण दिलं आणि तास पुरा केला.

नियाजला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, पण धैर्यशीलचं नाव त्यानं ऐकलं होतं. पेटीला हात न लावता त्यानं टेम्पो चालू केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पेटीपुढं बसले.

“पोरी, नंबर सांग. मला ध्यानात न्हाई.”

हवालदाराला पोराचा नंबर ध्यानात नाही, यावर माझा काडीचा विश्वास नाही. संयोगिता शेजारी बसून एकेक आकडा सांगू लागली. पाचव्या आकड्यावर तिला हुंदका फुटला, तीन वर्षांनी. लालासाहेबांनी तिच्याकडं बघितलं नाही. ती सहावा आकडा सांगेपर्यंत ब्रश तसाच हातात धरून ते थांबले.