स्टिअरिंग हलकं झालं, म्हणून खूश होऊ नका

मंडळी, आज सकाळी माझ्या कमान-पाट्याच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या गॅरेजवर दिंडोरीचा एक मांडववाला पिकअप घेऊन आला. मागे जनरेटरची ट्रॉली जोडलेली, गाडीचं बूड खाली बसलेलं आणि बोनेट आभाळाकडे. टायर घासल्याचा आवाज मला गेटाबाहेरूनच आला होता.

"शेठ, एक जादा पाटा टाका पटकन. कसारा घाट उतरून शहापूरला लग्नाचा मांडव घालायचाय. बाकी गाडी लय भारी चालती, स्टिअरिंग तर लोण्यावानी हलकं झालंय!"

शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, "अन् लाईट रस्त्यावर कमी, झाडावर जास्त पडती, ते बी सांगा की."

मी पान्हा खाली ठेवला. स्टिअरिंग हलकं झालं, म्हणजे पुढच्या चाकांवरचं वजन उडालं. घाटाच्या वळणावर ती चाकं ऐकणार नाहीत. पाटा टाकून बूड उचललं असतं, पण ट्रॉली जोडलेल्या हुकावर पडणारा भार तिथेच राहिला असता.

मग सगळ्यांनी मिळून पिकअपमधले स्पीकर पुढे केबिनला टेकवले. ट्रॉलीत हुकाजवळ रचलेले लोखंडी पाइप मागे, ट्रॉलीच्या चाकांच्या बरोबर वर सरकवले. बूड उठलं. मांडववाला एक चक्कर मारून आला, तोंड वाकडं करून.

"शेठ, स्टिअरिंग जड झालं!"

"आता उतर घाट."

वहिनी हसल्या. पाटा काही विकला गेला नाही.

दुपारी फोन आला, "पोचलो."

तुम्ही माल भरल्यावर गाडी कधी चार पावलं लांब जाऊन बाजूने बघता का?