यतीनची थाई शांती

यतीन कारखानीस थायलंडहून परतला तो शांत होऊनच. चिआंग माईजवळच्या कुठल्याशा ध्यानकेंद्रात आठवडाभर नारळपाणी पिऊन आलेला हा गृहस्थ ग्लेन वेव्हर्लीच्या घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच बायकोला म्हणाला, "चारुता, आपण फार धरून ठेवतो गं. थाई लोक बघ, 'माय पेन राय' म्हणतात. म्हणजे असू दे! सोडून द्यायचं."

"आधी बॅग तरी आत आण," चारुता म्हणाली.

ही शांती सोयीपुरतीच आहे, हे तिला लवकरच कळून चुकलं. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा राहिला, माय पेन राय. पेरेंट-टीचर मीटिंग विसरला, माय पेन राय. कॉफी गार झालेली मात्र साहेबांना खपत नसे.

लेक स्पृहाची व्हायोलिनची परीक्षा शनिवारी होती. शुक्रवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, व्हायोलिन दुरुस्तीहून आणायचं एवढंच काम यतीनकडे होतं. त्याने ते आणलं, फोन आला म्हणून गाडीच्या टपावर ठेवलं आणि बोलत बोलत तसाच निघाला. स्प्रिंगव्हेल रोडवर ते खाली पडलं आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली गेलं. तुकडे शॉपिंगच्या पिशवीत भरून तो घरी आला.

स्पृहा पिशवीत बघतच राहिली.

"वस्तू आहे, बेटा. वस्तू जायच्याच," यतीन मंद हसत म्हणाला. "माय पेन राय."

"इट वॉझन्ट युअर्स टू लेट गो, बाबा!" ती खोलीत गेली आणि दार आपटलं.

चारुताच्या लॅबमधली माली त्या वेळी चहाला आलेली होती. मूळची थायलंडची. ती कप खाली ठेवून हळूच म्हणाली, "आमच्याकडे हे ज्याचं नुकसान झालं तो म्हणतो. ज्याने केलं तो आधी सॉरी म्हणतो."

दुसरा कोणी असता तर खजील झाला असता. यतीन मालीशेजारी मांडी घालून बसला आणि तिलाच समजावू लागला, "तो वरवरचा अर्थ झाला. त्याच्या मागचं तत्त्व फार खोल आहे." चारुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवऱ्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. तिने सरळ डँडेनॉन्गला राहणाऱ्या, मूळच्या वसईच्या रीटाला फोन लावला. रीटाच्या लेकीचं, एमाचं, व्हायोलिन घरात नुसतंच पडून होतं. चारुता स्पृहाला घेऊन डँडेनॉन्गला गेली, व्हायोलिन आणलं. परक्या व्हायोलिनवर बोटं अडखळली, पण पोरगी पास झाली. या सगळ्या धावपळीत यतीन डोळे मिटून गादीवर बसला होता.

तेव्हापासून त्या दोघी त्याला काही सांगत नाहीत, काही मागत नाहीत. स्पृहा क्लासला बसने जाते. जेवताना मायलेकी आपसात बोलतात. यतीन मध्येच काही विचारतो, तर "काही नाही" असं उत्तर येतं.

घरातली कटकट संपली, हे आपल्या साधनेचं फळ, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगतो. पुढच्या वर्षी पंधरा दिवस जायचं म्हणतोय. चारुताने लगेच हो म्हटलं.