चांदीचं पाणी विकणारे काका

वडवणीच्या आठवडी बाजारात चांदीचं पाणी विकणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. कडक इस्त्रीचा सदरा घालून ते हळू आवाजात बोलतात. "नॅनो चांदी हाय मामा. लई बारीक, म्हणून तर लागू पडती." मग स्वतःच्या वेगळ्या बाटलीतलं झाकणभर पिऊन दाखवतात. माझे वडील पोटासाठी गेली तीन वर्षं रोज तेच पाणी घेतात.

कॉलेजात सर म्हणाले, चांदीचे असे बारीक कण वर्षानुवर्षं शरीरात गेले तर यकृतात साठू शकतात. त्यातून कॅन्सर होतो का, हे अजून नक्की कळलेलं नाही. तेव्हापासून मला काकांच्या त्या वेगळ्या बाटलीचा संशय येऊ लागला.

परवा बाजारात वडिलांनी घेतलेली नवी बाटली उघडून मी काकांपुढे धरली. "काका, आज यातलं घ्या की."

"आज उपास हाय, बाई."

"उपासाला पाणी चालतं."

ते हसले, पण हात पुढे आला नाही. माणसं थांबून बघू लागली. वडिलांना फार अवघडल्यासारखं झालं. "पोरगी हाय, मनावर घेऊ नका," म्हणत त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि काकांचा मान राखायला सगळ्यांसमोर दोन झाकणं प्यायले.