काकांचे निळे पाय आणि सोलापूरचा पांढरा टॉवेल

“यंदा बाराजणांत काकांचं नाव आलंय, पण बसणार न्हाय म्हणत्यात!” रूथमावशीचा फोन आला आणि मी लगेच बॅग भरायला घेतली. तसं सोलापूरला जायला मला घरातली शेंगाचटणी संपली एवढं निमित्तही पुरतं.

आमच्या ख्रिस्ती लोकांत उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, काही चर्चमध्ये पाळक बाराजणांचे पाय धुतात. प्रभू येशूने शिष्यांचे धुतले होते, त्याची ही आठवण. आणि मावशीचे यजमान शामुवेलकाका चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, रंगखात्यात. रंगाच्या पाण्यात उभं राहून त्यांची पावलं निळीजांभळी झालेली. ती चारचौघांत कशी उघडी करायची, हा पेच होता.

पुण्याहून सकाळची गाडी धरा, उन्हाच्या आत पोचाल. कुर्डुवाडीनंतर खिडकीतून झळा यायला लागतात, तेव्हा पाणी भरपूर ठेवा. स्टेशनवरून शेअर रिक्षा सहज मिळते. टॉवेल घ्यायचे असतील तर किलोवर विकणारी दुकानं शोधा. मी जाताजाताच एवढे घेतले की रिक्षावाल्याने विचारलं, “ताई, हाटेल काडताय काय?”

घरी कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. अहाहा! ताट पुसून खाल्लं. काका मात्र न जेवता मोरीत वजरीने टाचा घासत बसलेले.

“अहो काका, रक्त काढाल!”

“पाणी निळं हुईल गं समद्यांदेखत. देवाच्या कामाला पाय तरी नीट पायजेत की.”

“आन् जलमभर केलं ते कुणाचं काम?” मावशी आतून कडाडली.

“ते पोटाचं.”

संध्याकाळी चर्च गच्च भरलेलं. मागच्या बाकांवर विणकर घरांतल्या बाया तेलुगूत कुजबुजत होत्या. पुढे बारा खुर्च्या, अकरा भरलेल्या. काका माझ्या शेजारी बाकावर, त्या उकाड्यात पायांत मोजे घालून! मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. पाळकसाहेबांनी अकराजणांचे पाय धुतले, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि घमेलं उचलून थेट आमच्या बाकापाशी येऊन खाली बसले.

काका पाय आत ओढत म्हणाले, “साहेब, टॉवेल खराब हुईल.”

“कुटला टॉवेल हाय ह्यो?”

“आमच्याच कारखान्यातला.”

“मंग? त्या रात्री प्रभूनं कमरेला बांधला, तोबी कुणीतरी केलाच असंल की. त्या करणाऱ्याचा घाम देवाला चालला, आन् तुमचे पाय चालंनात?”

काकांनी वाकून स्वतःच मोजे काढले. कुणी हसलं नाही. तांब्यातलं पाणी त्या निळ्या पावलांवरून घमेल्यात पडलं, आणि आम्ही सगळे माना उंच करून बघत राहिलो. पाणी स्वच्छ! पुसलं, तर टॉवेलही पांढराशुभ्र!

काका आधी टॉवेलकडे बघत राहिले. मग डोळे भरलेले, तरी ऐटीत म्हणाले, “साहेब, आमचा रंग सुटत न्हाय.”

सगळं चर्च हसलं, पाळकसाहेब सगळ्यांत मोठ्याने. मी तर हसता हसता रडले.

ईस्टरची उपासना करून, शेंगापोळ्या बांधून रविवारी रात्री पुण्यात परतले. सोमवारी माझ्या पोटाच्या कामाला, शिलाई मशीनवर बसले तेव्हा रविवारची उपासना अजून संपलीच नाही असं वाटलं. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हूक लावताना इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. खूप खूप आनंद झाला, उगाच का लपवू?

संध्याकाळी मावशीला फोन लावला. “काका आले का कामावरून?”

“आलं की. पायावर पानी घेतलं आन् सरळ भाकरीला बसलं,” मावशी म्हणाली. “वजरी कोरडीच हाय बघ.”