गोऱ्या पाहुणीसाठी आणलेले काटे

शेजारच्या कॉलेजातल्या मास्तरांनी विचारलं, परदेशातली एक विद्यार्थिनी वर्षभर घरी ठेवून घ्याल का? आम्हाला मूलबाळ नाही, एक खोली रिकामी. बायको लगेच हो म्हणाली. मी चौथी शिकलेला, खाणीवरचा ट्रक चालवणारा. परदेशी म्हणजे गोरी, एवढं कळायला शाळा लागत नाही. मी भिंतींना चुना काढला, लोणी आणलं, डिचोलीच्या बाजारातून जेवायचे सहा काटे आणले. चहाच्या गाड्यावर सगळ्यांना सांगूनही झालं.

आली ती आफ्रिकेतली. काळीभोर, माझ्याहून हातभर उंच.

चहावाल्यानं विचारलं, "गोरी खंय रे तुजी?"

मी त्या गाड्यावर जायचं बंद केलं.

काटे बघून पोर हसली आणि हातानं जेवायला बसली. बांगड्याचं डोकं असं चोखलं की आमचं मांजर उपाशी राहिलं. बायकोला आई म्हणायची, मला बाबा. मी ओ देत नसे.

चवथ जवळ आली. दोडामार्गाहून माझा थोरला भाऊ गणपतीला यायचा होता. मी बायकोला म्हटलं, "तेवढे दिवस तिला हॉस्टेलात धाड. भाऊ काय म्हणेल? पूजेच्या घरात ही अशी."

बायको पोळे भाजत होती. वर न बघता म्हणाली, "वीस वर्षां तुमी तांबडे होवन घराक येत होतात. डोळे सोडले तर माणूस वळखाक येत नव्हता. तेवां मी तुमका खंय धाडलं? हॉस्टेलात?"

"ती खाणीची धूळ. धुतली की जाते."

"मगे जो रंग जायत नाय, तो धुळीपेक्षा बरो."

आणि तिनं तवा खाली उतरवला. पोर गेली तर मीही माहेरी, एवढंच म्हणाली. त्या वयात माहेरी तिचं कोणी उरलं नव्हतं, पण ती गेली असती.

पोर राहिली.

गणपतीच्या डोक्यावर आमच्यात माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली, परसातली फळं टांगायची. भाऊ आला, पोरीकडे पाठ करून स्टुलावर चढला आणि नारळांच्या घोसासकट लटपटला. तिनं एका हातानं घोस धरला, दुसऱ्यानं भावाला. मग स्टूल बाजूला सारून उभ्याउभ्याच सगळं बांधलं. तिच्या आजीकडे मक्याची कणसं टांगताना मारतात, तसल्या गाठी.

भाऊ घाम पुसत म्हणाला, "गाठ बरी मारता गो!" सोवळं त्यानं तिथंच सोडलं. मला मात्र बाबा म्हटल्यावर ओ द्यायला दिवाळी उजाडली.

विसर्जनानंतर एक गाठ कोणाला सुटेना. बायको म्हणाली, "असूं दे. सोडूक येतली ती परत."

वर्ष संपलं, पोर गेली. यंदा बायकोही गेली. तिचं वर्षश्राद्ध झालेलं नाही, म्हणून यंदा घरात गणपती नाही, माटोळी नाही. रिकामी चौकट तेवढी आहे, त्या गाठीसकट. माझा हात तिथवर पोचत नाही. काटे कपाटात कागदात गुंडाळलेले.

परवा तिचा फोन आला. बायकोनं शिकवलेलं तेवढंच बोलली, "बाबा, जेवलात?"

ओ दिली. म्हटलं, "नाय गो. फुडल्या चवथीक ये. गाठ रवली हा."