वहिनीची पाऊण फेरी

माझी वहिनी इस्त्रीवाली. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान आहे. एक लांब टेबल, त्यावर जळके डाग पडलेलं घोंगडं, उजव्या हाताला लोखंडी जाळी आणि जाळीवर ती अवजड इस्त्री. मला ती दोन्ही हातांनी धड उचलवत नाही. वहिनी दिवसभर ती खेळण्यासारखी फिरवते आणि संध्याकाळी शटर ओढून सायकलच्या गॅरेजवरच्या माडीवर बॉक्सिंगला जाते. शांत, सालस मुलगी म्हणून आम्ही तिला पसंत केलं होतं. घ्या आता!

त्या वर्षी तिला स्पर्धेत उतरायचंच होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. पण उस्तादांनी अट घातली होती. हे उस्ताद म्हणजे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले गृहस्थ. तोंडातून शब्द काढतील तर शपथ. "पाऊण जोराच्या खऱ्या फेरीत डोळे उघडे ठेवून उभी राहिलीस, तर नाव पाठवतो," एवढंच ते म्हणाले.

त्या माडीची एक रीत आहे. फेरीआधी दोघांनी ग्लोव्ह्ज टेकवायचे आणि दोघांतल्या कच्च्या खेळाडूने जोर सांगायचा: पाव, अर्धा किंवा पाऊण. पूर्ण जोर तिथे चालतच नाही. सांगितल्यापेक्षा जास्त मारलं, तर फेरी थांबते आणि ज्याला लागलं तो ठरवतो, पुढे खेळायचं की नाही. फेरी संपली की विचारायचं, "काय उघडं होतं?" समोरच्याने खरं सांगायचं.

रीत चांगलीच आहे. घोडं अडलं होतं ते ब्रेकपाशी. ब्रेक हे माडीवर पडलेलं नाव; माणूस शाळेच्या बसचा ड्रायव्हर, वहिनीच्याच वजनाचा. तिथे तेवढ्या वजनाचं दुसरं कोणी नव्हतं. हा भला माणूस बस चालवतो तसाच ठोसा मारायचा, नाकाशी येऊन कच्चकन थांबायचा. फेरी संपल्यावर वहिनीने काय उघडं होतं विचारलं, की ठरलेलं उत्तर, "छे हो वहिनी, झकास!"

नावं पाठवायच्या संध्याकाळी मी बाकावर पाण्याची बाटली धरून बसले होते. वहिनीने ग्लोव्ह्ज टेकवले. "पाऊण."

"पाऊण," ब्रेक म्हणाला आणि नेहमीसारखं गोंजारायला लागला. उस्तादांनी घड्याळ खिशात टाकलं. "मला काही दिसलं नाही. नाव राहू दे."

वहिनीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "अजून एक फेरी. पाऊण." पुन्हा तेच. आता मात्र तिचं डोकं फिरलं आणि तिने उजव्या हाताचा असा ठेवून दिला, की ब्रेकच्या नाकातून रक्त आलं. तो पूर्ण जोर होता. उस्तादांनी फेरी थांबवली. आता सगळं ब्रेकच्या हातात. तो नको म्हणाला असता, तर वहिनीची स्पर्धा तिथेच संपली असती, आणि ते रीतीला धरूनच झालं असतं.

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पाऊण म्हणून पूर्ण मारलं, ही माझी चूक. माफ करा. पण तुम्ही पाऊण म्हणून पाव मारता, ती कुणाची चूक? स्पर्धेत समोरची बाई मला वहिनी म्हणणार नाही."

ब्रेकने नाक पुसलं, कापूस कोंबला, उस्तादांना नाक दाखवलं. मग ग्लोव्ह्ज पुढे केले. "सांगा."

"पाऊण."

आणि त्या माणसाचा ब्रेक सुटला. पहिला ठोसा वहिनीच्या उजव्या गालावर बसला, तो आवाज मला बाकावर ऐकू आला. मी ताडकन उठले. उस्तादांनी न बघताच हाताने मला खाली बसवलं. वहिनी मागे गेली, पुन्हा पुढे आली. बरगडीत खाल्ला, तोंड वेडंवाकडं झालं, पण डोळे मिटले नाहीत. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. ती प्रत्येक वेळी उजव्याने मारायची आणि लगेच त्याच गालावर खायची.

फेरी संपली. ती धापा टाकत म्हणाली, "काय उघडं होतं?"

"उजवा गाल," ब्रेक म्हणाला. "ठोसा मारला की तुमचा हात गालाशी येत नाही, कमरेशी जातो. पहिल्या दिवसापासून जातो."

"पहिल्या दिवसापासून? आणि सांगताय आज?"

ब्रेक नाकातला कापूस नीट करायला लागला. मी मात्र तो हात ओळखला. पुढे रेटायचा, मागे ओढायचा, उजवीकडे खाली ठेवायचा. "अगं वहिनी," मी ओरडले, "तू इस्त्री जाळीवर ठेवतेस!"

माडीवर हशा पिकला. उस्तादसुद्धा हसले. वहिनी तेवढी हसली नाही. ती आपल्या हाताकडे बघत राहिली. उस्ताद म्हणाले, "नाव पाठवतो. हात वर आण."

दुसऱ्या दिवशी कपडे द्यायला दुकानात गेले, तर टेबलावर जाळी नव्हती. भिंतीत नवी फळी ठोकली होती, थेट वहिनीच्या गालाच्या उंचीवर, आणि जाळी त्या फळीवर. सुजलेल्या गालाने वहिनी शर्टावर इस्त्री फिरवत होती आणि दर वेळी ते धूड उचलून वर ठेवत होती.

"अगं, संध्याकाळपर्यंत खांदा निखळेल!"

"निखळू दे," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढला. "तुम्ही तिथे बसा, वन्सं. हात खाली गेला, की हाक मारा."

मी कपड्यांचं गाठोडं खाली ठेवलं आणि बसले.